गोळी कशाबरोबर घ्यावी?

वर्धा जिल्ह्याच्या उत्तरेकडील आर्वी, आष्टी आणि कारंजा या तालुक्यांत संत्र्याचे दोन बहार येतात. आंबिया बहाराचीं फळें दिवाळीच्या सुमारास बाजारांत येऊं लागतात, तर मृग बहाराचीं माघ-फाल्गुनांत. हे दोन्ही काळ हवा पालटण्याचेहि असतात. एकीकडे दारावर संत्र्यांच्या टोपल्या उतरूं लागतात, आणि दुसरीकडे घरांतील कोणाला तरी शिंकांचा त्रास सुरू होतो, कोणाचें नाक वाहूं लागतें, कोणाच्या अंगावर गांधी उठतात. मग औषधाच्या डब्यांतून शिंकांची गोळी निघते, आणि ती घशाखालीं उतरावी म्हणून जवळच असलेला संत्र्याच्या रसाचा पेला तोंडाला लावला जातो. ही गोळी आणि हा रस यांची पोटांत गांठ पडली म्हणजे काय होतें, असा प्रश्न कोणी केला तर तो क्षुल्लक वाटेल. परंतु त्याचें उत्तर शोधीत गेलें असतां आपण अशा ठिकाणीं जाऊन पोंचतों कीं, तेथें प्रश्न शिंकांचा राहत नाहीं. कर्करोगानें पीडलेल्या माणसाला दिलेलें औषध त्याच्या रक्तापर्यंत पोंचतें कीं नाहीं, असा तो होऊन बसतो.

एखादा पदार्थ शरीराला सोसेनासा झाला म्हणजे शरीरांतील कांहीं पेशी हिस्टामीन नांवाचें द्रव्य सोडतात. शिंका, खाज, सूज हीं त्याचींच लक्षणें होत. या द्रव्याला अडविणारें पहिलें औषध पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत डॅनिएल बोव्हे यांनीं १९३७ च्या सुमारास शोधून काढलें, आणि पुढें १९५७ सालीं या व अशा इतर कामाबद्दल त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. या वर्गांतील जुनीं औषधें, म्हणजे क्लोरफेनिरामिन, फेनिरामिन, डायफेनहायड्रामिन वगैरे, मेंदूंत शिरून गुंगी आणतात. नव्यांपैकीं लोराटाडिन आणि फेक्सोफेनाडिन यांनीं झोंप फारशी येत नाहीं. फेक्सोफेनाडिन त्या बाबतींत विशेष गुणी असल्यामुळें तें आज घरोघर आढळतें.

आतां या गुणी औषधाची गंमत पाहा. कॅनडांतील संशोधकांनीं निरोगी माणसांना फेक्सोफेनाडिन एकदां पाण्याबरोबर आणि एकदां फळांच्या रसाबरोबर देऊन रक्त तपासलें. रस तीन प्रकारचे होते: ग्रेपफ्रूटचा, संत्र्याचा आणि सफरचंदाचा. २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांत असें दिसलें कीं, रस भरपूर घेतला असतां, पाण्याबरोबर जितकें औषध रक्तांत उतरतें त्याच्या केवळ ३० ते ४० टक्के उतरतें. म्हणजे माणसानें गोळी संबंध गिळली. परंतु शरीराच्या हिशेबीं त्यानें अर्धीहि घेतली नाहीं. दोन चमचे रसानें असें होईल असें नाहीं. तरीपण फेक्सोफेनाडिनच्या माहितीपत्रकांत ती पाण्याबरोबर घ्यावी, फळांच्या रसाबरोबर घेऊं नये, असें स्पष्ट लिहिलेलें असतें. दुर्दैवानें तें पत्रक इतक्या बारीक अक्षरांत आणि इतक्या वेळां घडी घालून पेटींत कोंबलेलें असतें कीं, तें उघडून वाचणारा मनुष्य मला तरी क्वचितच भेटला आहे.

असें व्हावें कां? कांहीं औषधें आंतड्याच्या भिंतींतून आपोआप पाझरतात. कांहींना मात्र पलीकडे नेण्यासाठीं वाहक लागतात. वर्धा जंक्शनवर गाडी थांबली कीं जड ट्रंका घेऊन चालूं न शकणारा प्रवासी हमालाची वाट पाहतो, तसेंच हें आहे. आंतड्यांतील हे हमाल म्हणजे एका विशिष्ट जातीचीं प्रथिनें. ग्रेपफ्रूटमधील नरिंजिन आणि संत्र्यांतील हेस्पेरिडिन हीं द्रव्यें त्यांना आधींच गुंतवून टाकतात. फेक्सोफेनाडिन फलाटावर उभें राहतें, गाडी सुटते, आणि बरेंचसें औषध पुढील मार्गानें शरीराबाहेर निघून जातें. प्रयोगांतील संत्रें हें पाश्चात्यांचें गोड संत्रें, म्हणजे आपल्या मोसंबीच्या कुळांतलें. आपलें नागपुरी संत्रें जातीनें वेगळें आहे. पण हेस्पेरिडिन त्यांतहि असतें, तेव्हां सावधगिरीचा नियम त्यालाहि लावणें बरें. हा अडथळा कांहीं तासांपुरताच असतो. सकाळीं पाण्याबरोबर गोळी घेणाऱ्यानें दुपारीं खुशाल संत्रें खावें. पित्तावर घेतलीं जाणारीं ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमयुक्त पातळ औषधेंहि फेक्सोफेनाडिनला असेंच रोखतात. त्यांच्यांतहि अंतर ठेवावें लागतें.

येथवर झालें तें औषध कमी पडण्याचें. याच्या उलट, औषध अंगावर जास्त पडण्याचा प्रकार अधिक गंभीर आहे, आणि तो समजण्यासाठीं पूर्वीच्या जकातनाक्यांची आठवण करावी. शहरांत येणाऱ्या मालावर नाक्यावर कर घेतला जाई. तसा आंतड्याच्या भिंतींत आणि यकृतांत औषधांवर कर बसतो. कांहीं एन्झाइम, म्हणजेच विकरें, आंत येणाऱ्या औषधाचा ठराविक भाग मोडून टाकतात. यांत सर्वांत व्यग्र असें जें विकर आहे त्याला सीवायपी-३ए४ असें रुक्ष नांव आहे. बाजारांतील औषधांपैकीं फार मोठा वाटा याच एका नाक्यावरून जातो. डॉक्टर जेव्हां गोळीची मात्रा ठरवितात तेव्हां हा कर वजा जाणार हें धरूनच ती ठरविलेली असते. नाका अचानक बंद पडला तर सगळा माल आंत शिरेल, आणि जी मात्रा औषधाची होती ती विषाची होईल.

हा नाका एखादें फळ बंद पाडूं शकेल असें १९८९ पर्यंत कोणाच्या स्वप्नांतहि नव्हतें. कॅनडांतील लंडन या गांवीं डेव्हिड बेली आणि त्यांचे सहकारी रक्तदाबावरील फेलोडिपिन या औषधाचा मद्याशीं काय संबंध येतो तें पाहत होते. मद्याची चव कळूं नये म्हणून त्यांनीं तें ग्रेपफ्रूटच्या रसांत मिसळून दिलें, आणि औषधाचें रक्तांतील प्रमाण अपेक्षेच्या कितीतरी वर गेलें. दोष मद्याचा नव्हता, रसाचा होता. ग्रेपफ्रूटमधील फ्युरॅनोकुमॅरिन जातीचीं द्रव्यें आंतड्यांतील त्या विकराला कायमचें निकामी करतात. शरीराला नवें विकर तयार करावें लागतें, आणि त्याला एक ते तीन दिवस जातात. म्हणून येथें सकाळीं रस आणि संध्याकाळीं गोळी अशी वांटणी करून भागत नाहीं.

शिंकांच्या गोळीचा या नाक्याशीं फार जवळचा, आणि दुःखद, संबंध आलेला आहे. फेक्सोफेनाडिनच्या आधीं टर्फेनाडिन नांवाचें औषध जगभर खपत होतें. गुंगी न आणणारें म्हणून त्याचा मोठा बोलबाला होता. टर्फेनाडिन पोटांत गेलें कीं वरील नाक्यावर त्याचें फेक्सोफेनाडिन होई, आणि काम करी तें हें फेक्सोफेनाडिनच. मूळचें टर्फेनाडिन रक्तांत जवळजवळ उतरतच नसे. उतरलें तर मात्र तें हृदयाचे ठोके भयंकर रीतीनें बिघडवीत असे. १९९० सालीं अमेरिकेंतील एका ३९ वर्षांच्या स्त्रीची हकीकत वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. ती टर्फेनाडिन घेत होती, आणि त्याच वेळीं बुरशीच्या विकारावर केटोकोनाझोल घेत होती. केटोकोनाझोलनें नाका बंद केला, आणि तिचें हृदय ताल सोडून धांवूं लागलें. दोन्ही औषधें आपापल्या जागीं रीतसर होतीं. त्यांची भेट तेवढी घातक ठरली. पुढें अशी आणखी उदाहरणें पुढें आलीं, ग्रेपफ्रूटच्या रसाकडेहि बोट दाखविलें गेलें, आणि १९९८ सालीं टर्फेनाडिन अमेरिकेच्या बाजारांतून उठलें. भारतांत त्यावर आणि त्याच्याच जातीच्या ॲस्टेमिझोलवर २००३ सालीं बंदी आली. आज आपण जें घेतों तें फेक्सोफेनाडिन म्हणजे नाक्यापलीकडील, कर भरून झालेला माल होय.

हें वाचून कोणी संत्र्यावर रुसूं नये. नागपुरी संत्र्यांत नाका बंद पाडणारीं तीं फ्युरॅनोकुमॅरिनें नगण्य असतात. ग्रेपफ्रूट हें मुळांत पपनस आणि गोड संत्रें यांच्या संकरांतून झालेलें फळ, आणि हा गुण त्याच्याकडे पपनसाच्या बाजूनें आला आहे. म्हणून आपल्या घरांत ज्याच्याविषयीं जपावयाचें तें फळ पपनस होय. गणपतीच्या दिवसांत तें बाजारांत येतें, आणि ‘थंड’ म्हणून आजाऱ्याला मुद्दाम सोलून दिलें जातें.

आजारी मनुष्य कर्करोगाचा असेल तर या गोष्टीला केवढें महत्त्व येतें तें आतां ध्यानांत येईल. वर्धा हा बहुतांशीं ग्रामीण जिल्हा असूनहि राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या २०१२ ते २०१६ या वर्षांच्या अहवालांत त्याचे आंकडे स्वतंत्र दिलेले आहेत. डॉ. सुशीला नायर यांनीं १९६९ सालीं, गांधी-जन्मशताब्दीच्या वर्षीं, सेवाग्राम येथें ज्या वैद्यकीय महाविद्यालयाची स्थापना केली तेथें हें नोंदणीचें काम चालतें. सेवाग्राम आणि सावंगी या दोन गांवांच्या रुग्णालयांमुळें भोंवतालच्या जिल्ह्यांतील रोगीहि येथें येतात. पूर्वीं कर्करोगाचें औषध म्हणजे रुग्णालयांतील सलाईन, परिचारिका आणि डॉक्टर यांच्या डोळ्यांदेखत शिरेंतून जाणारें. आतां त्यांतील पुष्कळसें औषध गोळीच्या रूपानें घरीं येतें, आणि महिनोन् महिने, किंबहुना वर्षानुवर्षें, स्वयंपाकघराच्या फळीवर राहतें. तेथें त्याची गांठ पोह्यांशीं, दुधाशीं, तुपाशीं, हळदीशीं आणि शेजारणीच्या सल्ल्याशीं पडते.

रक्ताच्या एका कर्करोगावरील दोन गोळ्यांचें उदाहरण घ्या. दीर्घकालीन मायलॉइड ल्युकेमियावर इमॅटिनिब नांवाची गोळी २००१ पासून प्रचारांत आली, आणि जो रोग कांहीं वर्षांत माणसाला नेत असे तो मधुमेहासारखा सांभाळून ठेवतां येऊं लागला. ही गोळी जेवणाबरोबर आणि मोठा पेलाभर पाण्याबरोबर घ्यावयाची असते, नाहीं तर पोट बिघडतें. हिचा उपयोग होईनासा झाला तर कित्येकांना निलोटिनिब देतात. रोग तोच, परंतु प्रचारांतील निलोटिनिबच्या कॅप्सूलचा नियम अगदीं उलटा: घेण्यापूर्वीं दोन तास आणि घेतल्यावर एक तास कांहीं खावयाचें नाहीं. स्निग्ध जेवणाबरोबर घेतल्यास तें रक्तांत सुमारें ८२ टक्के अधिक उतरतें, आणि या औषधाचा अतिरेक हृदयाच्या तालावर येतो. ज्या बाईनें दोन वर्षें जेवतांना गोळी घेतली तिला नवी गोळी आली कीं तीहि ती भाकरीच्या घांसाबरोबर घेणार. तिला कोणी थांबवून सांगितलें नाहीं तर यांत तिचा काय दोष? दोन्ही औषधांबरोबर ग्रेपफ्रूट वर्ज्य आहे, आणि म्हणून पपनसहि वर्ज्य धरावें. आंतड्याच्या व स्तनाच्या कर्करोगावर दिली जाणारी कॅपेसिटाबिन जेवण झाल्यावर अर्ध्या तासाच्या आंत घ्यावयाची, तर स्तनाच्याच कर्करोगावरील लापाटिनिब जेवणाच्या निदान एक तास आधीं किंवा एक तास नंतर. तेव्हां ‘आमच्या काकांना कर्करोग होता, ते अशी घेत’ हें वाक्य कितीहि आपुलकीनें उच्चारलेलें असो, त्यावर विसंबूं नये.

पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगावरील ॲबिराटेरोन हें तर या बाबतींत सर्वांहून विलक्षण. रिकाम्या पोटीं घेतल्यास तें फार थोडें शोषलें जातें. स्निग्ध जेवणाबरोबर घेतल्यास सुमारें दहापट शोषलें जातें. वडिलांना अशक्तपणा आला म्हणून सुनेनें प्रेमानें केलेला साजूक तुपाचा शिरा आणि त्याबरोबर दिलेली गोळी म्हणजे दहा दिवसांचें औषध एका दिवसांत, असा हा हिशेब आहे. आपल्याकडे माया ताटांत वाढली जाते, आणि आजाऱ्याच्या ताटांत ती चार बोटें अधिकच असते. हें मोडावें असें मी म्हणत नाहीं; तिची वेळ तेवढी गोळीच्या वेळेपासून दूर ठेवावी. याच गुणाचा उलट उपयोग करून घेण्याचा प्रयत्नहि झाला आहे. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या ७२ रोग्यांवरील एका चांचणींत एका गटाला नेहमींप्रमाणें १००० मिलिग्रॅम रिकाम्या पोटीं आणि दुसऱ्या गटाला अवघें २५० मिलिग्रॅम हलक्या न्याहारीबरोबर दिलें, आणि रक्तांतील खुणेवर दोहोंचा परिणाम सारखाच दिसला. गोळीच्या किमतीचा विचार करणाऱ्या कुटुंबाला यांत आशा वाटणें स्वाभाविक आहे. कांहीं तज्ज्ञ ही लहान मात्रा देतातहि. परंतु न्याहारी कोणती, तींत तेल-तूप किती, आणि रक्ताची तपासणी केव्हां, हें त्यांनीं ठरवून दिलेलें असतें. आपल्या मनानें गोळी चतुर्थांश करून पुरीभाजीबरोबर घेणें हा निराळाच आणि धोक्याचा प्रयोग होईल.

मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर ६-मरकॅप्टोप्युरिन ही गोळी घरीं दीड-दोन वर्षें रोज द्यावी लागते. ती दुधाबरोबर देऊं नये असें सांगण्याची रीत फार दिवस चालत आली. कारण असें कीं, गाईच्या दुधांत झँथीन ऑक्सिडेज नांवाचें विकर असतें आणि तें या औषधाला मोडतें. आपल्या घरांत दूध खळखळून उकळल्याशिवाय प्यालें जात नाहीं, आणि या विकराला तेवढी उष्णता सोसत नाहीं. त्यामुळें आपल्या मातांनीं या बाबतींत फार घाबरण्याचें कारण नाहीं. २०१७ सालीं अमेरिकेंतून प्रसिद्ध झालेल्या, चारशेंहून अधिक मुलांच्या पाहणींत असें आढळलें कीं, गोळी दुधाबरोबर घेतली कीं अन्नाबरोबर, यानें रोग उलटण्याच्या संभवांत फरक पडला नाहीं. फरक पाडणारी गोष्ट म्हणजे रोजच्या रोज गोळी घेणें ही होय. मला ही पाहणी फार मोलाची वाटते. नियम इतके करूं नयेत कीं, त्यांच्या ओझ्याखालीं मूळ औषधच राहून जाईल. खरी सावधगिरी बाळगावयाची ती वेगळ्याच ठिकाणीं. आपल्याच शरीरांत असलेल्या त्याच विकराला ॲलोप्युरिनॉल हें संधिवाताच्या एका प्रकारावरील, युरिक ॲसिड उतरविणारें औषध बंद पाडतें. तें बरोबर द्यावें लागलें तर ६-मरकॅप्टोप्युरिनची मात्रा तिसऱ्या किंवा चौथ्या हिश्श्यावर आणावी लागते, नाहीं तर रक्त तयार करणारी मज्जा खचते.

आतां ॲलर्जीचीं औषधें पुन्हां वाटेंत येतात. परंतु प्रथम मित्र म्हणून. पॅक्लिटॅक्सेल नांवाचें प्रसिद्ध औषध पाण्यांत विरघळत नाहीं. तें शिरेंतून देण्यासाठीं ज्या द्रावकांत विरघळवितात तो आपल्या एरंडेलापासून रासायनिक प्रक्रियेनें बनवितात. १९८० च्या दशकांतील पहिल्या चांचण्यांत या औषधानें रोग्यांना इतक्या तीव्र ॲलर्जिक प्रतिक्रिया आल्या कीं, तें सोडून देण्याची वेळ आली होती, आणि संशय औषधाइतकाच त्या द्रावकावर होता. शेवटीं आधीं स्टेरॉइड आणि हिस्टामीनविरोधी औषधें टोंचून, मग तें सावकाश सोडण्याची रीत पडली. म्हणून केमोथेरपीच्या खोलींत आरंभीं जें फेनिरामिनचें इंजेक्शन देतात तें पाहून ‘रोग कर्करोगाचा आणि औषध खाजेचें कां?’ असें नातेवाइकांनीं विचारूं नये. त्या दिवशीं गुंगी मात्र येते. रोग्यानें एकट्यानें एस्‌टीनें घरीं परत जाऊं नये. तसेंच वेदनेवर मॉर्फिन चालू असलेल्या माणसाला सर्दीसाठीं घरांतली जुनी, झोंप आणणारी गोळी देऊं नये. दोहोंची गुंगी एकमेकींत मिसळते, आणि श्वासहि मंदावूं शकतो.

जेथें हा मित्र आड येण्याचा संभव असतो तें ठिकाण स्तनाच्या कर्करोगावरील टॅमोक्सिफेनचें. ही गोळी पांच-पांच, कधीं दहा वर्षें घ्यावी लागते. ती स्वतः फारसें काम करीत नाहीं. यकृतांतील सीवायपी-२डी६ हें दुसरें एक विकर तिचें एंडॉक्सिफेन बनवितें, आणि खरा जोर त्यांत आहे. येथें नाक्याऐवजीं कारखाना आहे, असें म्हणूं या. डायफेनहायड्रामिन हें औषध, जें कित्येक खोकल्याच्या पातळ औषधांतहि असतें, या कारखान्याचें काम मंद करतें. असें झाल्यानें रोग परत येण्याचा धोका प्रत्यक्षांत किती वाढतो यावर तज्ज्ञांचें एकमत नाहीं, आणि दोन-चार दिवसांच्या खोकल्याच्या औषधानें अनर्थ ओढवेल असें कोणी म्हणत नाहीं. परंतु ज्या बाईला बारा महिने शिंका आहेत तिनें रोज रात्रीं तेंच औषध घेत राहणें इष्ट नव्हे. सेटिरिझिनसारखें, यकृताला फारसा त्रास न देतां मूत्रावाटें जाणारें औषध तिला डॉक्टर सुचवूं शकतील.

खाजेचा आणखी एक धागा आहे, आणि तो मला फळांपेक्षांहि अधिक चिंतेचा वाटतो. नायट्याची सांथ गेलीं कित्येक वर्षें आपल्याकडे हटत नाहीं. त्यावर दुकानांतून इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल आणि बरोबर खाजेची गोळी घेतली जाते. इट्राकोनाझोल हा केटोकोनाझोलचाच भाऊबंद. १९९० च्या त्या हकीकतींतील नाका बंद करणारा तोच. इमॅटिनिब किंवा निलोटिनिब घेणाऱ्यानें नायट्यासाठीं परस्पर त्या कॅप्सूल घेतल्या तर पपनसाच्या फोडीपेक्षां कितीतरी मोठा घोळ होतो. याच्या उलट क्षयावरील रिफॅम्पिसिन नाक्यावरील पहारेकरी इतके वाढवितें कीं, इमॅटिनिबचें रक्तांतील प्रमाण सुमारें ७४ टक्क्यांनीं घटतें. रोगी रोज गोळी घेतो, घरचे निश्चिंत असतात, आणि औषध मात्र पोंचत नाहीं. येथें काय करावें तें डॉक्टरच ठरवितात. घरच्यांनीं यांतलें कोणतेंहि औषध आपण होऊन बंद करूं नये. क्षयाचें तर मुळींच नाहीं.

आणि हळद? वर्धा जिल्ह्यांत हा प्रश्न टाळतां येणार नाहीं. समुद्रपूर तालुक्यांतील वायगांवच्या हळदीला २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, आणि तिची कीर्ति तिच्यांतील कुरकुमिनच्या भरपूर अंशामुळें आहे. भाजींत, वरणांत पडणारी चिमूटभर हळद कोणाच्याहि औषधाच्या आड येत नाहीं; कुरकुमिन आंतड्यांतून इतकें थोडें शोषलें जातें कीं, त्याची रक्तांत दखलहि लागत नाहीं. परंतु १९९८ सालीं बंगळूरच्या संशोधकांनीं दाखवून दिलें कीं, मिऱ्यांतील पिपेरिन बरोबर दिलें तर माणसाच्या रक्तांत कुरकुमिन वीसपट दिसतें. कारण असें कीं, कुरकुमिनचा निकाल लावणारीं जीं दुसरीं विकरें आंतड्यांत व यकृतांत असतात त्यांना पिपेरिन मंद करतें; वरील नाकाहि तें मंद करतें. तेव्हांपासून हळदीचा अर्क आणि मिऱ्याचा अर्क एकत्र भरलेल्या कॅप्सूल जगभर विकल्या जातात, आणि कर्करोगाच्या रोग्याला त्या सर्वांत आधीं भेट म्हणून येतात. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या हॉलंडमधील एका प्रयोगांत टॅमोक्सिफेन घेणाऱ्या सोळा स्त्रियांना अशी हळद देऊन पाहिली. एंडॉक्सिफेन नुसत्या कुरकुमिननें सुमारें ८ टक्के, आणि पिपेरिनसह सुमारें १२ टक्के कमी झालें. आंकडा मोठा नाहीं. परंतु ज्यांच्या शरीरांत तें आधींच काठावर असतें त्यांना तेवढेंहि परवडत नाहीं. अमेरिकेंत अशा कॅप्सूलनीं यकृताला इजा झाल्याचीं उदाहरणें नोंदलीं गेलीं आहेत. मुंबईच्या डॉक्टरांनीं २०२१ सालीं गुळवेल घेतलेल्या सहा रोग्यांच्या यकृताच्या सुजेची हकीकत प्रसिद्ध केली, तेव्हां सरकारच्या आयुष खात्यानें तिला आक्षेप घेतला. तो वाद बाजूला ठेवला तरी, ज्याच्या यकृतावर केमोथेरपीचा भार आहे त्यानें त्या काळांत गुळवेलीचा काढा डॉक्टरांना न सांगतां घेऊं नये, एवढें तर कोणीहि मान्य करील.

१९३६ सालीं गांधीजी सेगांवांत राहावयास आले, तें पुढें सेवाग्राम झालें, आणि आहार हेंच औषध हा विचार या जिल्ह्याच्या अंगवळणीं पडला. त्या विचाराला मी कमी लेखीत नाहीं. उलट तो पुरतेपणीं मानावा असेंच माझें म्हणणें आहे. अन्नांत जर रोग बरा करण्याची शक्ति असेल, तर दुसऱ्या औषधाच्या कामांत ढवळाढवळ करण्याचीहि शक्ति त्यांत असलीच पाहिजे. ‘घरगुती आहे, त्यानें काय होतें?’ हें म्हणणारा मनुष्य वस्तुतः त्या घरगुती वस्तूचा अपमानच करीत असतो.

व्यवहारांत करावयाचें तें थोडें आहे. ‘रिकाम्या पोटीं’ असें चिठ्ठीवर असेल तर त्याचा अर्थ तासांत विचारून घ्यावा. पुष्कळ घरांत चहा-बिस्किटानंतरहि पोट रिकामेंच समजलें जातें. कोणतीहि गोळी, दुसरें कांहीं सांगितलें नसेल तर, साध्या पाण्याबरोबर घ्यावी. दवाखान्यांत जातांना नुसती कर्करोगाची फाइल नेऊं नये. घरांत जें जें तोंडावाटें जातें, म्हणजे शिंकांची गोळी, पित्ताचें औषध, नायट्याच्या कॅप्सूल, काढे, हळदीच्या डब्या, वैद्यांच्या पुड्या, तें सगळें एका पिशवींत भरून टेबलावर ठेवावें. वैद्यांचें औषध घेतों हें सांगितलें तर डॉक्टर रागावतील या भीतीनें पुष्कळजण तें लपवितात. क्वचित् एखादे रागावतातहि, तरी सांगावें. औषधाच्या दुकानांत सर्दीची बाटली मागतांना, घरांत कर्करोगाचें अमुक औषध चालू आहे, हें आधीं बोलावें आणि मग बाटली घ्यावी. हें सारें एका वहींत तारखेनिशीं लिहून ठेवलें तर फार सोपें जातें. रोग्याला पुढें नागपूरला किंवा मुंबईला न्यावें लागलें तर ती वही बरोबर असावी, कारण हिंगणघाटच्या दुकानदारानें आठवड्यापूर्वीं खोकल्यावर काय दिलें होतें तें तेथील तज्ज्ञाला दुसऱ्या कोणत्याहि मार्गानें कळत नाहीं.